फिरता निवास आणि भूमीवरचा भार : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पर्यटनाच्या क्षेत्रात अलीकडच्या काळात 'फिरता निवास' ही कल्पना चांगलीच रूढ झाली आहे. कापडी तंबू, बांबूच्या कुट्या, कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर जोडल्या जाणाऱ्या खोल्या अशा निवासांची शिफारस प्रामुख्याने एका गुणासाठी केली जाते. पाया न खणता ते उभारता येतात, हंगाम संपताच उचलून नेता येतात आणि म्हणूनच ते पर्यावरणास अनुकूल असतात, असे गृहीत धरले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे वर्ष परिसर-पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. तेव्हापासूनच्या चर्चेत निवासाच्या या प्रकाराकडे एक नवा शोध म्हणून पाहिले जाते. हा शोध नवा नाही, आणि त्याच्यामागचे गृहीतकही तपासून घेण्याजोगे आहे. भारतीय उपखंडास, विशेषतः दख्खनला, फिरत्या निवासाचा किमान चार शतकांचा लेखी अनुभव आहे. या अनुभवातून वारंवार दिसून येते ती गोष्ट अशी की, निवासाचे वजन आणि त्या निवासाचा भूमीवर पडणारा भार या दोन भिन्न बाबी होत. पहिली बाब सुताराने व तंबू शिवणाऱ्याने केव्हाच सोडवली. दुसरी मात्र पाणी, सरपण, वैरण, मैला आणि ओझे वाहणारे खांदे यांच्याशी निगडित असल्याने ती केवळ रचनाकाराच्या हाती कधीच नव्हती. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाबीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

चोबीन रावटी

अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त शाही छावणीचे जे वर्णन आहे ते वाचताना आजचा वास्तुरचनाकारही थबकेल. अकबराच्या 'गुलालबार' या बंदिस्त आवारात अनेक प्रकारचे निवास उभारले जात. त्यांपैकी 'चोबीन रावटी' येथे विशेष महत्त्वाची ठरते. 'चोब' म्हणजे लाकूड. 'रावटी' हा शब्द आपल्या 'राहुटी'चा सख्खा आप्त. दहा खांबांवर ही रावटी उभी राही. खांब जमिनीत थोडेसेच रोवलेले असत. दोन खांब इतरांपेक्षा किंचित उंच, कारण आढे त्यांच्यावर टेकायचे. खांबांना वर आणि खाली आडव्या पट्ट्यांनी जखडलेले असे आणि सर्व सांगाडा लोखंडी पकडी, खिळे व फिरकीच्या मळसूत्री जोडांनी आवळला जाई. भिंती आणि छप्पर चटयांचे. आतून जरीकापड व मखमल, बाहेरून तांबडे जाड कापड, आणि ते भिंतींना रेशमी फितींनी बांधलेले. अठरा खांबांवर उभी राहणारी दुमजली लाकडी वास्तूही याच छावणीत असे. अकबराच्या या सुट्या होणाऱ्या लाकडी वास्तूंची नोंद आरिफ कंधारीनेही १५७९ मध्ये केली आहे.

सुटे भाग, उलगडता येणारे जोड, पायाचा अभाव, चटईसारखे नाशवंत साहित्य ही आज पर्यावरणस्नेही म्हणून गौरविली जाणारी बहुतेक वैशिष्ट्ये या वर्णनात आहेत. येथवर थांबले तर अकबराला या क्षेत्राचा आद्य प्रवर्तक ठरवून मोकळे होता येईल; काही लेखक तसे ठरवतातही. परंतु अबुल फजल स्वतः येथे थांबत नाही. तो लगेच हिशेब देतो. अशी एक छावणी वाहून नेण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत. सोबत ५०० स्वार. शिवाय १,००० फरास, ५०० बेलदार, १०० पाणके, ३० चर्मकार, १५० झाडूवाले, आणि यांखेरीज सुतार, तंबू शिवणारे व मशालजी. 'बारगाह' नावाचा सर्वांत मोठा मंडप उभारण्यास तर एक हजार फरासांना यंत्रांच्या साहाय्याने आठवडा लागे. चटईच्या भिंतीचे वजन नगण्य असले, तरी ५०० उंट आणि १०० हत्ती रोज काय खात असतील याचा विचार केला की त्या नगण्यतेचा अर्थ बदलतो. अबुल फजलच्या यादीतील १५० झाडूवाल्यांकडेही अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. छावणीतून रोज निघणाऱ्या घाणीची ती एकमेव अधिकृत कबुली होय.

छावणीचे ओझे

औरंगजेबाच्या काश्मीरप्रवासात (१६६४-६५) फ्रेंच वैद्य बर्निए सामील होता. बादशहाचे तंबू दुहेरी असत. बादशहा एका मुक्कामी असताना दुसरा संच, म्हणजे 'पेशखाना', पुढच्या मुक्कामी रवाना होई. एवढ्या पेशखान्यासाठी साठाहून अधिक हत्ती, २०० उंट, १०० खेचरे आणि १०० हमाल लागत असल्याचे बर्निए सांगतो. त्याच्या वर्णनातील अधिक बोलका तपशील मात्र धुराचा आहे. संध्याकाळी हजारो चुली पेटत. त्यांत ओले लाकूड आणि जनावरांचे शेण जाळले जाई, आणि त्या धुरात माणसाला आपला तंबू सापडणे कठीण होई. ओले लाकूड जळते याचा अर्थ सुके लाकूड केव्हाच संपलेले असते. मुक्कामाच्या परिसरातील झाडांवर कुऱ्हाड चालली होती, हे येथे वेगळे सांगावयास नको.

दख्खनमध्ये या छावणीला येथील भूगोलाने वेगळाच धडा दिला. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री औरंगजेबाची छावणी माण नदीकाठी खवासपूर येथे असताना नदीला अकस्मात पूर आला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली. गलका ऐकून मराठेच छावणीत शिरले असे वाटून बादशहा घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. पुढे तो अखेरपर्यंत लंगडत राहिला. माण ही वर्षातील बराच काळ कोरडी दिसणारी नदी आहे. अशा नदीचा काठ तंबूवाल्याला नेहमीच मोह घालतो, कारण तो सपाट, मोकळा आणि कोणाच्याही पिकाखाली नसलेला असतो. नदी मात्र त्या जागेवरचा आपला हक्क सोडत नाही. जे सहज उचलता येते ते कोठेही मांडता येते, ही समजूत फिरत्या निवासाच्या रचनेत मुळापासून दडलेली आहे, आणि खवासपूरची रात्र हे तिचे सर्वांत ठळक ऐतिहासिक उदाहरण मानावे लागेल.

चिपळूणच्या मुक्कामाचे आज्ञापत्र

छावणीच्या भाराची स्पष्ट जाणीव व्यक्त करणारा आणि त्यावर उपाय सांगणारा लेख शोधावयाचा तर तो मराठी पत्रव्यवहारात सापडतो. चिपळूण परिसरात पावसाळ्यासाठी मुक्कामाला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांनी १६७३ च्या सुमारास पाठविलेले पत्र सर्वपरिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. त्या नैतिक आशयाच्या गौरवात पत्रातील व्यवस्थापकीय सूक्ष्मता मात्र झाकली जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पत्राचा मुख्य विषय साठा हा आहे. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरावयाची आहे. आरंभीच मनमानी खर्च झाला तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांकडे जातील. कोणी दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजी. कुणबी गाव सोडतील आणि यांच्यापेक्षा मोगल बरे म्हणतील. म्हणून जे हवे ते बाजारातून रास्त दाम देऊन घ्यावे. यानंतर पत्र एकदम आगीकडे वळते. चुली पेटतात, रात्री दिवे राहतात, उंदीर जळती वात पळवतो आणि गवताच्या गंजी भस्मसात होतात. मग कितीही कुणब्यांना शिक्षा केली तरी एक काडी गवत मिळणार नाही. उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करणारा हा प्रशासक छावणीकडे केवळ निवासांचा समूह म्हणून पाहत नाही. त्या भूप्रदेशाची धारणाशक्ती किती, ती कोणत्या महिन्यात संपते आणि संपल्यावर तिचा भार कोणावर सरकतो, हा त्याचा प्रश्न आहे. आजच्या परिभाषेत ज्याला वहनक्षमता म्हणतात तिची याहून नेमकी मांडणी आमच्या पाहण्यात नाही.

पुढील काळात मराठी फौजांचा विस्तार झाला तसे छावणीचे रूपही पालटले. 'फरासखाना' हा अठरा कारखान्यांपैकी एक. पुण्यातील एका पोलीस चौकीच्या नावात तो आजही टिकून आहे. गवत व लाकूडफाटा आणण्यासाठी बाहेर पडणाऱ्या टोळीस 'कही' म्हणत, आणि लढणाऱ्यांमागून चालणाऱ्या गर्दीस 'बुणगे'. पानिपतच्या मोहिमेतील (१७६०-६१) तीर्थयात्रेकरूंचा आणि बिनलढाऊ माणसांचा लोंढा सर्वांच्या परिचयाचा आहे. लष्करी छावणीच्या आश्रयाने यात्रा साधण्याचा तो प्रकार होता. त्याला पर्यटन म्हणणे धाडसाचे ठरेल, पण दोहोंतील नाते नाकारता येत नाही.

पालखीतळ आणि धनगरांचा वाडा

हे नाते सर्वाधिक स्पष्टपणे वारीत दिसते. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी दिले. ते शिंद्यांच्या पदरी होते. रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांचा ठरलेला क्रम, चोपदार, अश्व आणि मुक्कामाचे तळ या सर्वांवर लष्करी कुचाची छाया आहे. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून सोहळ्यास अश्व आणि तंबू येतो, ही परंपराही याच नात्याची साक्ष देते. तलवार गळून पडली आणि छावणीची रचना भक्तीच्या सेवेला लागली, असे म्हटले तर ते अलंकारिक वाटेल. ऐतिहासिकदृष्ट्या मात्र ते बरेचसे खरे आहे. आज दिंडीचा ट्रक राहुट्या, भांडीकुंडी आणि आचाऱ्यांना घेऊन वारकऱ्यांपुढे निघतो व पुढच्या तळावर राहुट्या ठोकून ठेवतो. हा बर्निएने पाहिलेला पेशखानाच होय.

कापड आणि काठ्या एवढ्याच साहित्यात लाखो माणसांचा निवास साधणारी ही व्यवस्था जगातील कोणत्याही पर्यटन-छावणीहून हलकी आहे. तरीही पालखी पुढे गेल्यावर गावाबाहेरील शेतांची आणि ओढ्यांची होणारी अवस्था हा मार्गावरील ग्रामपंचायतींचा जुना व्याप होता. राहुटीत शौचकूप नसतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तळांवर फिरत्या शौचालयांची व्यवस्था होऊ लागली तेव्हा कोठे या भागाकडे व्यवस्था म्हणून पाहिले गेले. म्हणजे निवास फिरता होण्यास आणि निवासाचा मैला फिरता होण्यास यांच्यामध्ये जवळजवळ दोन शतके गेली.

याच प्रदेशात एक छावणी अशीही आहे की जिला शेतकरी स्वतः बोलावून आणतो. पावसाळा संपल्यावर घाट उतरून कोकणात किंवा देशावर दूरवर जाणाऱ्या धनगरांच्या फिरत्या मुक्कामास 'वाडा' म्हणतात. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या आणि कधी लहान मूलही असते. पीक निघालेल्या रानात मेंढ्या बसवल्या की लेंडीखत मिळते. त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य वा पैसे देतो. येथे मुक्कामाचा हंगाम, जागा आणि दिवस हे सर्व जमिनीच्या गरजेने ठरते. ही व्यवस्था आता वेगाने आकसत आहे आणि तिच्यातील कष्टांचे काव्य करण्याचे कारण नाही. परंतु मुक्काम उठल्यानंतर जमीन आधीपेक्षा सुपीक राहते, असे उदाहरण फिरत्या निवासाच्या इतिहासात दुसरे क्वचितच आढळेल.

साहेबांची फिरती

ब्रिटिश राजवटीत तंबू हा प्रशासनाचा नित्याचा भाग झाला. कलेक्टरपासून गव्हर्नर-जनरलपर्यंत सारे 'फिरती'वर निघत. लॉर्ड ऑकलंडने १८३७ मध्ये कलकत्त्याहून वरच्या प्रांतांचा दौरा काढला तेव्हा त्याची बहीण एमिली ईडन सोबत होती. तिने दिलेल्या आकड्यांनुसार या छावणीत सुमारे १२,००० माणसे, ८५० उंट आणि १४० हत्ती होते. याच वर्षी उत्तर भारतात भीषण दुष्काळ पडला. कानपूरच्या आसपास तंबूंच्या दोरांपाशी येऊन पडणाऱ्या भुकेल्या माणसांविषयी आणि मुलांविषयी तिने व्याकूळ होऊन लिहिले आहे. ती सहृदय होती यात शंका नाही. पण आपल्या ८५० उंटांची वैरण त्याच मुलखातून येत होती, हा धागा तिच्या लेखनात जुळत नाही.

कुमाऊँच्या डोंगरात हा धागा तेथील लोकांनीच जुळवला. तेथे अधिकारी, शिकारी आणि प्रवासी यांचे सामान ठरलेल्या दराने, बहुधा त्याहूनही कमी मोबदल्यात, वाहून नेण्याची सक्ती गावकऱ्यांवर होती. तिला कुली-उतार म्हणत. छावणीस दूध, धान्य, गवत, सरपण पुरविण्याच्या सक्तीस कुली-बर्दायश असे नाव होते. आपल्याकडील वेठबिगारीचेच हे पहाडी रूप. गावोगावच्या मालगुजारांकडे कुलींच्या नोंदवह्या असत. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बागेश्वर येथे बद्रीदत्त पांडे प्रभृतींच्या नेतृत्वाखाली जमलेल्या लोकांनी या वह्या शरयूत बुडवल्या, आणि ही प्रथा मोडीत निघाली. हिमालयातील रमणीय प्रवासवर्णने वाचताना तंबू आपोआप पुढच्या मुक्कामी पोहोचतो असे वाटते, त्यामागे या वह्या होत्या. फिरता निवास स्वस्त ठरतो तेव्हा त्याचे ओझे कोणाच्या नावे मांडले आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

कारखान्यातील घर

याच सुमारास युरोपात कारखान्यात तयार होणारे सुटे घर आकारास येत होते. लंडनचा सुतार मॅनिंग याने १८३० च्या दशकात ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या वसाहतकारांसाठी केलेल्या घराचा कोणताही भाग एका माणसाला किंवा मुलाला सहज उचलता येईल असा होता. पुढील शतकातील निस्सेन यांची १९१६ ची पत्र्याची अर्धगोल झोपडी ही याच विचाराची लष्करी परिणती. त्यांचा येथे केवळ उल्लेख पुरे.

थोडे थांबून पाहावे असे उदाहरण ब्रुनेल यांचे आहे. क्रिमियन युद्धात, १८५५ मध्ये, दार्दानेल्सच्या काठी रेन्किओई येथे उभारण्यासाठी त्यांनी सुट्या भागांचे लाकडी रुग्णालय इंग्लंडमधून पाठवले. प्रत्येक कक्ष ५० रुग्णांचा. कक्षाबरोबर हवा खेळती ठेवणारे पंखे, हात धुण्याची सोय, शौचकूप आणि सांडपाण्याचे लाकडी नळ हेही जहाजातूनच गेले. तेथे उपचार झालेल्या सुमारे १,३०० रुग्णांपैकी ५० च्या आसपास दगावले. त्या युद्धातील इतर रुग्णालयांच्या तुलनेत हे प्रमाण फारच कमी होते. ब्रुनेल यांची थोरवी भिंतींच्या जोडणीत शोधली जाते. आमच्या मते ती गटारात आहे. निवासाचा मलनिःसारणाचा भाग हा निवासाचाच अवयव मानून त्यांनी तो त्याच यादीत घातला.

पर्यटकांची छावणी

या कसोटीवर अलीकडील पर्यटन-निवास तपासले तर चित्र फारसे समाधानकारक नाही. काश्मीरमध्ये बाहेरच्यांना जमीन घेण्यास संस्थानाची मनाई असल्याने युरोपीय प्रवाशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यावर घर थाटले. हाउसबोटीने जमिनीला स्पर्श केला नाही. तिचे सांडपाणी मात्र दीर्घकाळ थेट दल सरोवरात जात राहिले. ऋषिकेशच्या वर कौडियालापर्यंत गंगेच्या वाळूत पसरलेल्या तंबूंच्या छावण्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१५ मध्ये निर्बंध घालावे लागले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांत, म्हणजे हिमालयातील उंचावरील कुरणांत, रात्रीच्या मुक्कामास बंदी केली. वाराणसीत गंगेपलीकडच्या वाळूवर जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या तंबूनगरीचे प्रकरणही हरित न्यायाधिकरणापुढे गेले. यांतील बहुतेक निवास रचनेच्या दृष्टीने निर्दोष होते. ते हलके होते, उचलता येत होते. आक्षेप जागेविषयी, मैल्याविषयी आणि संख्येविषयी होते.

महाराष्ट्रातही पवना जलाशयाच्या काठी आणि भंडारदऱ्याच्या परिसरात तंबूंचे मुक्काम वाढले आहेत. भंडारदऱ्याचे उदाहरण मार्मिक आहे. तेथे मे-जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे, काजवे पाहण्यासाठी लोक मुक्कामाला येतात. काजव्यांची मादी आणि नर एकमेकांना प्रकाशाच्या खुणेने ओळखतात; त्यासाठी काळोख लागतो. तंबूचे कापड कितीही नाशवंत, त्याच्या काठ्या कितीही स्थानिक बांबूच्या असोत, तंबूतला दिवा आणि वाहनाचा झोत हा काळोख मोडतो. चिपळूणच्या पत्रात धोका दिव्याच्या वातीचा होता. येथेही तो दिव्याचाच आहे.

आमच्या वास्तुरचना महाविद्यालयांतून फिरत्या निवासाचे आराखडे करवून घेताना विद्यार्थ्यांस साहित्याचे वजन, जोडांची संख्या आणि उभारणीचा वेळ विचारला जातो. त्याच कागदावर आणखी काही रकाने असावेत. शंभर माणसांच्या मुक्कामास रोज किती पाणी लागेल व ते कोणत्या विहिरीतून येईल. त्या विहिरीवर वैशाखात गावाची किती घागरी पाणी भरण्याची पाळी असते. मैला किती दिवसांनी, कोणत्या वाहनाने, कोठे जाईल. ओझे कोण वाहील व त्याला काय मिळेल. आणि मुक्काम उठल्यावर त्या जागेत पहिला पाऊस पडल्यानंतर गवत किती दिवसांनी उगवते, हे पाहण्यासाठी कोण परत जाईल. या शेवटच्या रकान्याचे उत्तर भरण्यासाठी रचनाकाराला तंबू नेल्यानंतर, जुलैमध्ये, तेथे एकदा स्वतः जावे लागेल.